धुऊन, पुसून, परत

वय लपवायचं नाही असं मी ठरवलं आहे, म्हणून आधीच सांगते की मी तिशी ओलांडलेली म्हातारी बाई आहे. हसायचं काम नाही. मोबाईलवरची दहा वर्षं म्हणजे जमिनीवरची पन्नास. ज्या शब्दांना घाबरून आमचं आख्खं बंदर माझ्या तोंडाकडे बघायचं, ते शब्द आता माझी भाची दुधाच्या बाटलीबरोबर गिळते. त्या मापाने मी शंभरीच्या आसपास आहे, आणि शंभरीच्या बाईने आपल्या कॉलेजच्या पहिल्या पावसाळ्याविषयी काही लिहिलं तर ते निमूट वाचावं, त्यातलं खरं किती आणि मीठमसाला किती हे विचारू नये. शेवटाकडचं सगळं खरं आहे. तिथे मसाला टाकायला माझा हात धजला नाही.

आमचं घर रेवदंड्याच्या बंदराला लागून, खाडीच्या इतकं काठावर की उधाणाला खेकडे चुलीजवळ येऊन शेकत बसायचे आणि आई त्यांना न उठवता भाकऱ्या थापायची. सबंध किनाऱ्यावरचं सगळ्यात मोठ्या आवाजाचं घर ते. आमच्याकडे कुणी कुणाशी बोलत नसे, सगळे एकमेकांना हाका मारत. सकाळी आईने बाबांना 'च्या घेताव?' असं विचारलं की खाडीपलीकडून, कोर्लईच्या घरांतून, 'आमचा झाला' असं उत्तर यायचं. एकदा मीठ संपल्याचं तिने बाबांना सांगितलं, तर दुपारच्या मुरुडच्या एसटीतून कुणी अनोळखी बाई मिठाची पिशवी उतरवून गेली. यातलं मिठाचं मी जरा वाढवलं आहे. चहाचं नाही. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असत, ताजी मासळी नसे, मग घरात सुक्याचं राज्य. चुलीवर टांगलेल्या दोरीला बोंबील, डब्यात सुकट, आणि एका बरणीत, आईच्या उशाशी असल्यासारखे जपलेले सोडे, म्हणजे सोलून वाळवलेली मोठी कोलंबी, जी गौरीच्या नैवेद्याला आणि जावईबापूंना, या दोनच देवांना निघायची. त्या सगळ्या वासात, त्या सगळ्या आरड्याओरड्यात आम्ही फार सुखी होतो, असं मला आज वाटतं. तेव्हा फक्त घसा दुखायचा.

ओरडायचं कारण बाबांचे कान. बाबा तांडेल होते, होडीचं सुकाणू त्यांच्या हातात. मी लहान असताना ते मला होडीत नेत, खाडीच्या तोंडाबाहेर इंजिन बंद करत, वल्हं पाण्यात उभं धरत आणि त्याच्या दांड्याला कान लावत. घोळ मासा पाण्याखाली टर्रटर्र बोलतो, ते लाकडातून वर चढतं. बाबा डोळे मिटून ऐकत आणि सांगत, 'थवा हाय. त्यात एक म्हातारी हाय, खोकते.' मग आणखी जरा ऐकून, 'चौलच्या बाजूची हाय वाटतं, नाकात बोलते.' मीही कान लावायची. मला नुसतं पाणी ऐकू यायचं, पण मीही मान हलवून म्हणायची की व्हय, नाकातच बोलते. थापा मारण्याचं माझं जे काही शिक्षण झालं ते त्या वल्ह्यावर. पुढे ज्या इंजिनाशेजारी बसून त्यांनी जन्म काढला, त्याच इंजिनाने हळूहळू त्यांचे कान खाल्ले. आधी डावा गेला, पार गेला. उजव्यात थोडी धुगधुगी राहिली. आदल्या मोसमात जाळं ओढताना एका खलाशाचा हात दोरात सापडला. पुढे सगळे 'इंजिन बंद करा' म्हणून किंचाळत होते आणि बाबा मागे सुकाणूवर शांतपणे समुद्राकडे बघत होते. हात वाचला, बोटं गेली. बाबांना कुणी एक शब्द बोललं नाही. बोललं असतं तरी ऐकू आलं नसतं, असं लोक म्हणाले असतील. पण बाबा त्यानंतर कित्येक दिवस स्वतःची बोटं मोजल्यासारखी चोळत बसायचे.

बाळ्या माझा चुलतभाऊ, बाबांच्याच होडीवर वाढलेला, नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला, उभा राहून मागे हाळी देणारा. पावसाळ्याच्या मध्यावर एक दिवस तो बंदरावर आला. बाबा प्लास्टिकखाली बसून फाटकं जाळं तुणत होते, मी त्यांना जेवणाचा डबा घेऊन गेले होते.

'काका,' बाळ्या हळू म्हणाला, 'पोरं तुमच्याबरोबर यायला बघत न्हाय. कानाला मशीन लावा. न्हायतर पुनवेपासून सुकानू मना द्या.'

'काय?' बाबा म्हणाले.

बाळ्याने इकडेतिकडे बघितलं आणि तेच जरा मोठ्याने सांगितलं.

'जोरात बोल रं. बायल्यासारखा कुजबुजतोस काय?'

मग बाळ्याला ओरडावं लागलं. जे चुलत्याच्या कानात सांगायचं ते त्याला सगळ्या बंदराला सांगावं लागलं. दोर वळणारे थांबले, पत्ते खेळणाऱ्यांचे पत्ते हातात राहिले. बाळ्याच्या डोळ्यांत पाणी आलं, ते ओरडण्यामुळे नव्हे. बाबांनी जाळ्यावरून मान उचलली नाही. 'लावतो की,' म्हणाले. 'त्यात काय.' आणि ज्या भोकात गाठ मारली होती त्याच भोकात पुन्हा गाठ मारली.

तर नारळी पौर्णिमेपर्यंत मशीन कानात हवं, नाहीतर सुकाणू गेलं. अलिबागच्या डॉक्टरने कान तपासून सांगितलं, डाव्याची आशा सोडा, उजव्यात लावा, बरंच ऐकू येईल. मशीनची किंमत त्याने सांगितली ती बाबांना ओरडून सांगावी लागली नाही, माझ्या चेहऱ्यावरून त्यांनी वाचली. जिना उतरताना आई म्हणाली, 'मोबाईलवर बघ. मोबाईलवर समदं स्वस्त असतं.' आणि इथे गोष्टीत माझा प्रवेश होतो, नगारे वाजवीत.

कारण या विषयात माझ्याएवढी विद्वान बाई तेव्हा अलिबागपासून मुरुडपर्यंत नव्हती. मी कॉलेजात नाव घातलं होतं, मोबाईल माझ्या हातात होता, आणि आईच्या टोपलीशेजारी पैसे आल्याची दवंडी पिटणारा तो छोटा डबा, साऊंडबॉक्स, मीच आणून बसवला होता. त्यातली बाई इतक्या शुद्ध मराठीत 'रुपये प्राप्त झाले' म्हणायची की पहिल्या दिवशी आईने डोक्यावरचा पदर सारखा केला. मासळीबाजारातल्या बायका शंका घेऊन माझ्याकडे यायच्या, जशा पूर्वी भगताकडे जायच्या. आईच्या शेजारी बसणारी जाईबाय सगळ्यात चिवट.

'ओटीपी म्हंजे काय गो, कुंदे?'

'एकदाच चालनारी किल्ली. दार उघडलं का वितळली. कोनालाच सांगायची न्हाय. फोनवर देव बोलला तरी न्हाय.'

'आन पिन?'

'पिन पैसं देताना. पैसं घेताना कोनी पिन टाकायला सांगतोय म्हंजे समज, तुझ्या टोपलीत तो मासली टाकत न्हाय, काढतोय.'

हे जाईबायला इतकं पटलं की तिने पुढे काही दिवस गिऱ्हाईकांनाही पिन टाकू दिला नाही. 'पेंडिंग' मी असं समजावलं की पैसे तुझ्या घरून निघाले, त्याच्या घरी पोचले नाहीत, ओहोटीत होडी रुतावी तसे मध्येच रुतले. आता ओरडून उपयोग नाही, भरतीची वाट बघ. 'कॅशबॅक'ला मात्र आईने मला बोलूच दिलं नाही. 'आधी भाव चढवून सांगायचा, मग वर एक बोंबील टाकायचा. ते मी लग्नाआधीपासून करते,' म्हणाली. 'कॅश ऑन डिलिव्हरी' तिला आवडलं, मासळी बघून पैसा, सरळ व्यवहार. आणि 'रिटर्न' सांगायला मी तोंड उघडलं तर तीच म्हणाली, 'ते मना कलतं. शेजारनीचं भांडं. आपलं काम झालं, न्हायतर आपल्या कामाचं न्हाय, का परत.' मला ही व्याख्या एवढी आवडली की मी ती बाजारभर फिरवली. कॉलेजात कॉमर्सच्या सरांनाही ऐकवली, त्यांनी फळ्यावर लिहिली असं मी घरी सांगितलं. फळा त्या दिवशी पुसायला डस्टर नव्हतं, एवढं खरं.

आज कुठल्याही वेबसाईटवर या शब्दांचे अर्थ ओळीने लावून ठेवलेले असतात. मी वाचते कधी कधी. सगळं बरोबर असतं, एकही अर्थ खोटा नसतो. पण शेजारणीचं भांडं परत देताना काय करतात, ते तिथे कुणीच लिहिलेलं नाही.

मशीन मागवलं. कॅश ऑन डिलिव्हरी नव्हतं, आधी पैसे भरायचे होते, म्हणजे प्रीपेड. आईने पिन टाकताना माझ्याकडे पाठ केली, कारण मीच तिला तसं शिकवलं होतं. बंद मोसमात घरात जे काही होतं ते त्यात गेलं, हे मी नंतर समजले, चहा बिनदुधाचा झाला तेव्हा. मग रोज आई विचारायची, 'कुठं पोचलं?' आणि मी मोबाईलमध्ये बघून सांगायची, भिवंडीला आहे, पनवेलला आहे. आई शेजारणींना असं सांगायची की जसं काही बाबांचे कानच एकेक गाव करत घरी परत येत होते.

डबा आला तेव्हा आई फोडणीची तयारी करत होती. पाकिटावर 'उजवा' छापलेलं आणि आत निघालं डाव्या कानाचं. डाव्या कानात म्हणजे खडकात. मी रडायच्या बेतात होते, तेवढ्यात बाबांनी ते उलटंसुलटं करून उजव्या कानाशी धरलं आणि बोटाने दाबून बसले. मशीनने शिट्टी मारली, आमचा कुत्रा उठून उभा राहिला. बाबा डोळे मिटून बसले होते, वल्ह्याला कान लावल्यासारखे. आईने सवयीने तेलात लसूण टाकली, वरून, मशीन आलं म्हणून बरणीतून काढलेल्या सोड्यांची मूठ सोडली. चर्र झालं.

'फोडनी दिली,' बाबा म्हणाले.

आईच्या हातातला डाव तसाच राहिला. बाबा चुलीकडे पाठ करून बसले होते. वासाने कळलं असेल असं तुम्ही म्हणाल. आमच्या घरात फोडणीचा वास बारा महिने असतो, त्याने काही कळत नाही.

'ऐकू येतं?' आईने विचारलं. ओरडून नाही, साध्या आवाजात. तिचा साधा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला, जरा घोगरा, एखाद्या मुलीसारखा.

'येतं,' बाबा म्हणाले. 'ओरडतेस कशाला?'

मग बोट घसरलं, मशीन मांडीवर पडलं. पुन्हा दाबलं तर नुसती शिट्टी. पण आम्हाला पुरे होतं. उजव्या कानाचं आलं की झालं. मी तिथल्या तिथे तक्रार नोंदवली. रिफंड नको, रिप्लेसमेंट हवी, म्हणजे पैसे नकोत, बदलून द्या. चार-पाच दिवसांत माणूस येऊन हे घेऊन जाईल, तपासणी होईल, मग दुसरं येईल. पुनवेच्या आत बसत होतं, अगदी काठोकाठ, पण बसत होतं. बाबांनी त्या दिवशी सोड्यांची आमटी तीनदा मागून घेतली आणि बाळ्याला निरोप धाडला, होडीला रंग काढायला घ्या.

माणूस आला तो दिवस माझ्या प्रॅक्टिकलचा. सकाळी अलिबागच्या रिक्षेत बसताना मी आईला बजावलं, 'तो येईल, डबा दे, बास. ओटीपी तुझ्या फोनवर येईल, तो त्याला सांगायचा, हा एकच सांगायचा.' आई म्हणाली, 'मना येडी समजतेस काय?' संध्याकाळी परत आले तर ती दारातच उभी, चेहरा असा की जशी काही तिने बंदराची जेट्टी एकटीने बांधली.

'दिलं गो. च्या पन दिला त्याला. भिजून आलेला बिचारा.'

'डबा बरोबर होता ना? सगळं आत घातलंस?'

'समदं. अगदी लख्ख करून दिलं.'

'लख्ख म्हणजे?'

'म्हंजे काय? तुझ्या बापसानं कानाला लावलेलं, त्याला तेल लागलेलं, मसाला लागलेला. असं खरकटं देऊ परत? साबनानं धुतलं, चुलीच्या उबेला ठेवलं, फडक्यानं पुसलं. आन रिकामं न्हाय दिलं हां. खाली स्पंजाखाली मूठभर सोडे घातले, चांगले निवडून. आपल्यासाठी दुसरं धाडनार ना ती मानसं.'

मी उंबऱ्यावर बसले. आमच्याकडे शेजारणीचं पातेलं आलं तर ते घासून, पुसून, आत काहीतरी घालून परत जातं. काही नसेल तर साखरेची चिमूट, पण रिकामं भांडं परत देत नाहीत. तसं देणं म्हणजे तुमच्या घरी काही उरू नये असं म्हणण्यासारखं. आईने आयुष्यात कुणाचं भांडं रिकामं दिलेलं नव्हतं. मग कानाचं मशीन कसं देणार.

'त्या माणसाला वास नाही आला?' मी विचारलं.

'इचारलं त्यानं, मावशी कसला वास. मी म्हटलं, तू बंदरावर हायस, बाबा.'

मी हसले, मला आठवतं. त्या पावसाळ्यात त्यानंतर मी हसल्याचं आठवत नाही.

पुढचे दिवस मोबाईल म्हणजे आमच्या घरातला आजारी माणूस झाला. जो तो येऊन त्याच्याकडे बघून जायचा. वस्तू मिळाली. तपासणी चालू आहे. तपासणी चालू आहे. मग एके सकाळी, बाबा होडीच्या नाळेवर पिवळा पट्टा ओढत असताना, संदेश आला की तपासणीत वस्तू नापास झाली आहे, बदली रद्द, पैसेही मिळणार नाहीत, वस्तू तुमच्या पत्त्यावर परत पाठवत आहोत. मी कस्टमर केअरला फोन लावला. हा दाबा, तो दाबा करत शेवटी एक बाई आली, माझ्याच वयाची असावी.

'मॅम, प्रॉडक्टमध्ये पाणी गेलेलं आहे. आणि बॉक्समध्ये फॉरेन ऑब्जेक्ट मिळालं आहे.'

'फॉरेन कसलं? सोडे होते. आमच्या घरचे.'

'मॅम, सोडे म्हणजे?'

'वाळवलेली कोलंबी.'

'मॅम, बॉक्समध्ये ते ठेवण्याचं कारण सांगाल का?'

सबंध किनाऱ्याला शब्दांचे अर्थ सांगत फिरणारी मी, तेव्हा माझ्या तोंडी आईचंच वाक्य आलं. 'भांडं रिकामं परत देत नाहीत,' मी म्हणाले.

मागे कुठे तरी तिच्यासारख्याच शंभर बायकांचा गलबला ऐकू येत होता. मला वाटलं, तिच्याही घरी पातेली असतील, तिलाही शेजारीण असेल. मग ती म्हणाली, 'मॅम, आमच्याकडे असं कारण निवडायला ऑप्शन नाही.' आणि तक्रार बंद झाल्याचं सांगून, आणखी काही मदत हवी का, हेही तिने विचारलं. आई माझ्या खांद्याशी उभी होती. 'आवडलं का इचार त्यांना,' ती म्हणत होती. 'सोडे आवडलं का इचार.' फोन ठेवल्यावर जाईबायने कुठून तरी दुसरा एक नंबर आणला, म्हणे तिथे फोन केला की पैसे लगेच परत, फक्त पिन टाकायचा. तेवढं माझ्या विद्येने वाचवलं. त्या पावसाळ्यात माझी विद्या एवढ्याच कामाला आली.

डबा परत आला. आईने तो ओटीवर ठेवून, हात धुऊन, उघडला. मशीन होतं तसंच होतं, लख्ख आणि मुकं. कानाशी धरलं तर शिट्टीसुद्धा नाही. आईने स्पंज उचलला, खाली बोट फिरवलं, डबा उलटा करून झटकला. सोडे नव्हते.

'ठेवून घेतले,' ती म्हणाली. 'घेऊ दे. कोनाच्या तरी पोटात गेले.' मग डब्याकडे बघत राहिली. 'पन डबा रिकामा धाडला गो. चिमूटभर साखर तरी घालावी मानसानं.'

जरा वेळाने तिने विचारलं, 'मी धुतलं म्हनून बिघडलं?'

'न्हाय,' मी म्हणाले. 'आधीच बिघडलेलं होतं. डाव्या कानाचं होतं ना, ती मशीनं आतून कच्चीच असतात. तिकडची बाई मला म्हणाली तसं.'

आईने माझ्याकडे बघितलं. 'खोटं बोलताना तुझा आवाज हलू होतो,' ती म्हणाली आणि उठून चुलीकडे गेली. खरं होतं ते. आमच्या घरात खऱ्या गोष्टी ओरडूनच सांगाव्या लागत, हळू बोलायची वेळ खोट्यालाच यायची.

बाबांना काय झालं ते मी सांगितलंच नाही. ओरडून कसं सांगणार, आई चुलीपाशी होती. त्यांनी डबा बघितला, मशीन बघितलं, आमची तोंडं बघितली. त्यांना ऐकू येत नव्हतं, दिसत होतं.

पुनवेच्या दिवशी बंदर असं नटलं होतं की देवांनाही सुट्टी काढून खाली यावंसं वाटावं. होड्यांना पताका, स्पीकरवर कोळीगीतं, बायका नऊवारीत, दागिने घालून, ओंजळीत नारळ. बाबा सकाळी लवकर उठले, दाढी केली, ठेवणीतला सदरा घातला. बाहेर आले तेव्हा त्यांच्या डाव्या कानात मशीन होतं. इतकं छान बसलं होतं, जसं काही डॉक्टरने माप घेऊन केलेलं. आईने पुढे होऊन त्यांच्या सदऱ्याची कॉलर सारखी केली. बंदरावरून जाताना लोक त्यांच्या कानाकडे बघून मान डोलवत होते, वा तांडेल, म्हणत होते, आणि बाबा त्यांच्या ओठांकडे बघून हसत होते.

होडीपाशी खलाशी उभे होते, त्यात तो बोटं गेलेलाही होता. बाळ्याने मशीन बघितलं आणि त्याचा चेहरा उजळला, देवाशपथ उजळला. बाबांनी सगळ्यांच्या वतीने नारळ समुद्राला दिला आणि हात जोडून पाण्याकडे तोंड करून उभे राहिले. नारळासाठी स्पीकर थांबवला होता. बाळ्या त्यांच्या मागे होता. त्याने एकदा आमच्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली, आणि तेवढ्यावरून त्याला शंका आली असावी. तो बाबांच्या पाठीमागे जवळ गेला आणि माणूस माणसाशी बोलतो तेवढ्याच आवाजात म्हणाला, 'काका, दोर सुटला.'

बाबा समुद्राकडे बघत होते.

'काका, पोरगं पान्यात पडलं.'

बाबा हसऱ्या तोंडाने समुद्राकडे बघत होते. खलाशांनी एकमेकांकडे बघितलं नाही, सगळे आपापल्या पायांकडे बघत होते. बाळ्या फिरून त्यांच्या पुढे आला, खाली वाकला, त्यांच्या पायांना हात लावला, आणि उठून होडीवर चढला तो थेट मागे, सुकाणूपाशी. बाबांना कळलं. पाया पडणारा माणूस मागे जाऊन उभा राहतो म्हणजे काय ते ऐकू यावं लागत नाही. त्यांनी हात वर करून आशीर्वाद दिला. इंजिन सुरू झालं, सगळं बंदर त्या आवाजाने थरथरलं, आणि बाबा होडी बांधायच्या खांबाला तळहात लावून उभे राहिले, होडी खाडीच्या तोंडाबाहेर जाईपर्यंत, आणि नंतरही.

मशीन त्यांनी काढलं नाही. अंघोळ सोडली तर कधीच नाही. आणि लोकांनी काय केलं, तर सगळं कळूनही, त्यांची लाज राखायला, लोक हळू बोलायला लागले. कानात मशीन असलेल्या माणसाशी ओरडून कोण बोलतं? बाजारात, बंदरावर, दुकानात, सगळे त्यांच्याशी आता सभ्यपणे, साध्या आवाजात बोलत. उजव्या कानात जी काही धुगधुगी होती, जिथवर आमच्या किंचाळ्या पोचायच्या, तिथवर आता काहीच पोचेना. ते मान हलवत, हसत, आणि विचारलेल्याचं उत्तर भलतंच देत. हळूहळू लोकांनी विचारणंही कमी केलं.

पुनवेच्या त्या दुपारी घरी नारळीभात होता. बाबा पानावर बसले होते, मशीन डाव्या कानात, नजर भातावर. मी सवयीने छातीत श्वास भरून ओरडले, 'बाबा, तूप वाढू?'

आईने माझ्या हातावर हात ठेवला. 'हलू बोल गो,' ती म्हणाली. 'मशीन हाय त्यांच्या कानात.'